आमची वाटचाल : दुनळीपासून रिव्हॉल्वरपर्यंत

सातारा जिल्ह्यातलं आमचं शस्त्रविक्रीचं दुकान आजोबांनी काढलं ते शिकारीच्या जमान्यात. गिऱ्हाईक म्हणजे पाटील, इनामदार आणि त्यांची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली, काडतुसांचा खप बसला. वडिलांनी धंदा तारला तो माजी सैनिकांच्या जिवावर. फौजेतून निवृत्त झालेला माणूस बँकेत गार्ड म्हणून लागायचा आणि 12 बोअरची बंदूक घ्यायला आमच्याकडे यायचा. दुरुस्तीचं टेबलही वडिलांनीच मांडलं. खरं सांगायचं तर दुकानाचं भाडं आजही त्या टेबलावरच निघतं.

रिव्हॉल्वर-पिस्तुलाचं गिऱ्हाईक माझ्या काळात वाढलं. सराफ, पेट्रोलपंपवाले, रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणारे डॉक्टर. पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकारी कचेरीच्या फेऱ्या, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण, एवढं सगळं करून हातात परवाना पडला की माणूस थेट दुकानात येतो आणि सिनेमातलं 9 एमएम पिस्तूल मागतो. ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं ते माप सामान्य नागरिकाला मिळत नाही. मग राहतं .32 बोअर. त्यातही विलायतीच हवं असा हट्ट असतो. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती मालाला लाखांत भाव आहे, पण तो हौसेचा भाव. घरात ठेवायच्या पहिल्या शस्त्रासाठी मी तो माल सुचवत नाही.

मी आधी कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवतो, रिकामं. उघडायचा खटका दाबला की दुनळीसारखंच मधून मोडतं आणि गोळ्यांची सहाही घरं एका नजरेत दिसतात. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, नवख्याच्या हे ध्यानात राहत नाही. शिवाय रिव्हॉल्वरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाचे हात आधीच कापत असतात. दोन्हींवर .32 लिहिलेलं असलं तरी काडतुसं वेगळी, हेही तेव्हाच दाखवतो.

मग चाप ओढून बघायला सांगतो. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, आधी न चढवता ओढला तर चाप जड लागतो. बोट पुरत नसेल तर ते शस्त्र तुमचं नव्हे, मग किंमत काहीही असो. 2014 मध्ये ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर आलं, टायटॅनियमचं, अर्धा किलोचं, सव्वा लाखाच्या आसपास. बायकांसाठी म्हणून गाजावाजा झाला. पर्समध्ये हलकं वाटतं खरं, पण मूठ हाताला बसते का ते आधी पाहावं. 2023 च्या ‘प्रबळ’ रिव्हॉल्वरचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं, तरुण मुलं तेच मागतात.

शेवटी विचारतो, घरी ठेवणार कुठे? कपाटात, साड्यांखाली, असं उत्तर आलं की मी बिल करत नाही. आधी भिंतीत बोल्ट केलेली तिजोरी. यावरून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, जाऊ देत.

आता मुलगी स्टॉक रजिस्टर सांभाळते आणि निवडणुकीत जमा होणाऱ्या शस्त्रांच्या पावत्याही तीच करते. बघायला कधीही या, घरच्यांनाही आणा. खरेदीला मात्र मूळ परवाना लागतो, झेरॉक्स चालत नाही.