उसने घेतलेले चौघे

मुलांचा रग्बी क्लब काढतोय म्हटलं की लोक आधी विचारतात, मैदानाचं काय? मैदानाचं जमतं हो. गोलखांबांना जाड पॅड बांधले, मापाचे चेंडू आणले (बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा लागतो, मोठ्यांचा पाच नंबरचा त्यांच्या हातात मावत नाही) की सराव सुरू होतो. प्रशिक्षकांसाठी कोर्स आहेत. जागतिक संघटनेचा 'रग्बी रेडी' तर ऑनलाइन फुकट करता येतो. विमा, प्रथमोपचार येणारा माणूस, मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पडताळणी, ही कागदपत्रं कंटाळवाणी असतात, पण होतात. घोडं अडतं ते सामन्याच्या दिवशी सकाळी, पोरं मोजताना.

आमच्या बारा वर्षांखालच्या संघाचा तो पहिला खरा सामना. बारा विरुद्ध बारा ठरलेलं. आली आठ. बाकीच्यांचे निरोप फोनवर. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाकडे पाहुणे आले होते. एका आईने तेवढं सरळ लिहिलं होतं: 'टॅकल असेल तर नको.' टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं. बाकीच्यांच्या मनातही तेच असणार. तोवर पोरं टॅग रग्बी खेळत होती. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती, प्रतिस्पर्ध्याने एक ओढली की 'टॅग!' ओरडायचं आणि चेंडूवाल्याने लगेच पास द्यायचा. त्यात कुणी कुणाला पाडत नाही, मुलगे-मुली एकत्र, आईवडील निवांत. टॅकलचा शब्द निघाला आणि निम्मा संघ आजारी पडला.

समोरच्या क्लबचे प्रशिक्षक वयाने माझ्याहून बरेच मोठे. सामना रद्द करायचं बोलायला मी त्यांच्याकडे गेलो, तर मला वाक्य पूर्णही करू दिलं नाही.

"किती कमी आहेत?"

"चार."

"मग माझे चार घ्या की. बाहेर बसून काय करणार आहेत ती?"

आणि त्यांनी खरंच चौघांना हाक मारली. माझी समजूत होती की राखीवातले कच्चे देतील. त्यांनी एक तगडा प्रॉप (अगदी पुढच्या फळीतला गडी) आणि त्यांचा सगळ्यात वेगवान विंगर (कडेने पळणारा) देऊन टाकला. चौघांनी जर्सीवर आमचे बिब चढवले. रेफ्रींनी सगळ्यांचे बुटांचे स्टड आणि नखं तपासली, माऊथगार्ड दाखवायला लावले. स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे पुढचे गडी वाकून एकमेकांत अडकून चेंडूसाठी झटतात, त्यात) ढकलायचं नाही, टॅकल काखेच्या खालीच, ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) झाल्यावरची किक नाही, हे आधीच ठरलं होतं. लहान गटांत संघ किती जणांचा, टॅकल कुठवर, स्क्रममध्ये किती जण, हे ज्या त्या देशाची संघटना वयाप्रमाणे ठरवते. मोठ्यांचे नियम मुलांवर कुणी तसेच्या तसे लादत नाही. पालकांना हे माहीतच नसतं. त्यांनी टीव्हीवर पाहिलेले असतात ते शंभर-शंभर किलोंचे गडी.

पहिला स्क्रम लागला तेव्हा मी रेषेवर होतो. आमचा एका बाजूचा प्रॉप घाबरून समोरच्याच्या बाहीला लटकला होता. तो उसना प्रॉप वाकलेल्या अवस्थेतच त्याला म्हणाला, "बाही सोड. पाठीवरची जर्सी धर. आणि मान वर ठेव, जमिनीकडे नको बघू." हेच मी त्याला सरावात किती वेळा सांगितलं असेल! त्या दिवशी एकदाच ऐकून त्याने केलं.

रेषेच्या बाहेर एक वडील उभे होते. मुलगा शेजारी, ट्रॅकसूटमध्ये. टॅगला हा पोरगा कधी चुकायचा नाही, पण टॅकलच्या परवानगीची सही घरून मिळाली नव्हती. "आज फक्त बघणार," वडिलांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. मी आग्रह केला नाही. आग्रहाने सही मिळते, पण पोरगं पुढच्या महिन्यात यायचं थांबतं.

मध्यंतराच्या जरा आधी ते घडलं. आमची एक मुलगी, संघातली सगळ्यात निडर, टॅकलला गेली ती बरोबर खाली वाकून. पण चेंडूवाल्याने ऐन वेळी दिशा बदलली आणि तिचं डोकं त्याच्या मांडीच्या पुढे आलं. डोकं नेहमी समोरच्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला टेकलेला, हे आम्ही गुडघ्यांवर बसून, मग उभ्याने, मग चालत, मग हळू पळत घोटून घेतो. ते याच क्षणासाठी. तरी कधीतरी निसटतं. ती उठली, दोन पावलं तिरकी गेली आणि आमच्याऐवजी समोरच्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी आत गेलो. "सर, मला काही झालं नाही."

"असेल. पण आज तू बाहेर."

"पाचच मिनिटं बसते ना, मग येते."

नाही. ओळखा आणि बाहेर काढा, एवढाच नियम आहे. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका असली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. व्यावसायिक सामन्यांत डॉक्टर बाजूला नेऊन तपासतात आणि खेळाडू कधी कधी परततो. ते पाहून मुलांना वाटतं आपलंही तसंच. आमच्या पातळीवर ती सोय नाही, आणि नाही तेच बरं. ती रडली. माझ्यावर चिडून रडली. तिच्या आईला बोलावलं, प्रथमोपचारवाल्या बाई तिच्याजवळ बसल्या.

आम्ही अकरा उरलो. समोरच्या प्रशिक्षकांनी काही न विचारता आपलाही एक जण बाहेर बोलावला. अकरा विरुद्ध अकरा. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्याच विंगरने त्यांच्याच संघाविरुद्ध कोपऱ्यात ट्राय केला. चेंडू टेकवला, उठला, दोन्ही हात वर केले आणि मग त्याला कळेना की कुणाकडे धावत जायचं. शेवटी आमची पोरं त्याच्यावर जाऊन पडली. आम्ही हरलोच, चांगले हरलो. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी रांगा करून एकमेकांना टाळ्यांमधून बाहेर काढलं. उसने चौघे आमच्या रांगेत की त्यांच्या, यावरून थोडा गोंधळ झाला.

ते वडील नंतर माझ्याकडे आले. वाटलं, आता ऐकवणार. मुलगी पडलेली त्यांनी पाहिली होती. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"तिला बसवली ती किती दिवस?"

मी सांगितलं: पहिले एकदोन दिवस विश्रांती, डॉक्टरांकडे दाखवायचं, मग आधी शाळा, मग हलकं पळणं, मग एकटीचा चेंडू सराव. एका पायरीवर त्रास झाला की एक पायरी मागे. टॅकल सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

"ती नाही म्हणत होती तरी?"

"ती नाहीच म्हणणार. म्हणून तर तिला विचारत नाही."

ते थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग विचारलं, टॅकल शिकवता तेव्हा पालकांना आत उभं राहता येतं का. म्हटलं, पडताळणीचा फॉर्म भरा आणि या. नुसते उभे राहू नका, पॅड धरा. पोरं धडकतात तेव्हा पॅडमागे कुणीतरी वजनदार लागतंच.

ते आले. पॅड धरतात, दर वेळी कमरेला हात लावून कण्हत घरी जातात. मुलाच्या फॉर्मवर टॅगच्या खाली सही आहे, टॅकलची जागा अजून कोरी आहे. मी विचारलेलं नाही. त्या क्लबशी परतीचा सामना आता ठरलाय, आणि प्रशिक्षकांनी फोनवर आधीच बजावलंय: या वेळी पोरं कमी पडली तर प्रॉप मिळणार नाही, विंगर न्या.