कॉम्प्युटर सतत बंद पडायचा, ते कसं थांबलं – माझा अनुभव

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात, साखर पेठेच्या आतल्या गल्लीत. शेजारी यंत्रमाग, मागच्या बाजूलाही यंत्रमाग. मी घरीच टॉवेल आणि चादरीचे जॅकार्डचे (मागावर नक्षी विणायच्या यंत्राचे) डिझाईन करून देते. एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती एक जागा, असं करत करत पूर्ण नक्षी भरायची, मग ती फाईल कारखान्यात जाते. त्यामुळं कॉम्प्युटर बंद म्हणजे माझं काम बंद, आणि सासऱ्यांची, म्हणजे मामांची, बिलं पण त्याच मशीनवर. आय थ्री प्रोसेसर, सहाव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, २०१७ ला घेतलेला.

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी तो बंद पडायला लागला. कधी फट्टकन बंद, कधी आपोआप रीस्टार्ट, कधी निळी स्क्रीन आणि ते रडकं तोंड. दहा-बारा दिवस असंच ढकललं, मग यांनी उचलून दुकानात नेला. दुकानदाराने चालू करून बघितला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल म्हणाला, आम्ही हो म्हणालो. डी ड्राईव्हचा डेटा वाचला पण माझं चालू काम सगळं डेस्कटॉपवर होतं आणि डेस्कटॉप हा सी ड्राईव्हमध्येच असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सतरा डिझाईन गेली. त्यातली चार तर जाकिटाची होती, मापं घेऊन घेऊन केलेली. त्या रात्री मी जेवले नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर परत तसाच रीस्टार्ट झाला.

दुसऱ्यांदा दुकानात नेल्यावर मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या असं उत्तर आलं. तो खर्च त्या महिन्यात जमणारा नव्हता म्हणून मी पुण्याला दादाला फोन लावला. तो आयटीत वगैरे नाही पण स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः उघडतो. तो म्हणाला, "घाई का करलालीस? आधी सगळं पेनड्राईव्हवर घे. मग एक वही कर. बंद पडला की वेळ लिही, काय चालू होतं ते लिही, स्क्रीनवर काय आलं ते लिही. आठ दिवस काहीच दुरुस्त करू नको." मला खरंतर रागच आला, काम अडलंय आणि हा वही लिही म्हणतोय. पण लिहिली. पोराची अर्धी राहिलेली गणिताची वही होती, तिच्यातच.

निळी स्क्रीन दोन सेकंदात जायची, वाचताच यायचं नाही, त्याला दादाने एक सेटिंग सांगितली. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब, तिथं स्टार्टअप अँड रिकव्हरी, त्यात ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढून टाकायची. मग ती स्क्रीन तशीच थांबते आणि खाली स्टॉप कोड लिहिलेला असतो तो निवांत उतरवून घेता येतो, किंवा मोबाईलवर फोटो काढायचा. हे प्रत्येकाने आधीच करून ठेवावं असं मला वाटतं, कारण दुकानात "निळी स्क्रीन येते" एवढंच सांगितलं की समोरचा पण अंदाजच मारतो.

आठ दिवसांनी वही घेऊन बसले तर दिसलं की हे एक दुखणं नाहीच, तीन वेगवेगळी आहेत. सकाळी आठच्या आसपास नुसता रीस्टार्ट, स्क्रीनवर काही नाही. दुपारी एक ते चारच्या मध्ये एकदम बंद, आणि लगेच बटण दाबलं तर चालू होऊन परत बंद, पंधरा-वीस मिनिटं थांबलं तर चालतो. आणि निळी स्क्रीन मात्र कुठल्याही वेळेला, पण बहुतेक वेळा मोठी फाईल उघडताना. आम्ही इतके दिवस तिन्ही एकात धरत होतो म्हणून एकही उपाय लागू पडत नव्हता, एक झालं तरी बाकीची दोन राहायचीच ना.

विंडोजमध्ये पण हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. स्टार्टवर राईट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. तिथं लाल खुणेचं कर्नल पॉवर ४१ असं सारखं दिसत होतं. ते बघून मी घाबरले, पॉवर सप्लाय गेला म्हणून. पण त्याचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद झाला, कशामुळं ते त्यात येत नाही. मात्र त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड असतो, तो शून्य असेल तर निळ्या स्क्रीनची नोंद नाही, म्हणजे वीज, गरमी नाहीतर मशीन पार गोठलं असं काहीतरी बघायचं, आणि आकडा असेल तर निळ्या स्क्रीनवाला प्रकार. माझ्या सकाळच्या आणि दुपारच्या सगळ्या नोंदींना शून्य होता. ज्यांना हे किचकट वाटतं त्यांनी सर्चमध्ये रिलायबिलिटी टाईप करावं, एक तक्ता उघडतो, रोजच्या रोज कुठल्या दिवशी काय बिघडलं ते लाल फुलीने दिसतं.

आधी सकाळचं. शेजारच्या कारखान्यात आठला पाळी बदलते, माग एकामागोमाग एक सुरू होतात आणि मोटर सुरू होताना चालू असण्यापेक्षा कितीतरी पट जास्त करंट खेचते, आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब त्या वेळी मंद होतो हे तर आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. पण कॉम्प्युटरला यूपीएस आहे, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर चालवणारा डबा, मग कसं? यूपीएसची हिरवी लाईट लागायची म्हणून तो चांगला आहे असं सगळे धरून चाललो होतो. एका सकाळी सगळं काम सेव्ह केलं, कॉम्प्युटरचा प्लग काढला, यूपीएसला नुसता एक टेबल लॅम्प लावला आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद केला. लॅम्प त्याच क्षणी गेला. बॅटरी पार मेलेली. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची असते, साधारण दोन-तीन वर्षं चालते आणि आमची तर पहिल्यापासूनचीच होती. बॅटरी बदलल्यापासून सकाळचा रीस्टार्ट एकदाही नाही. वहीत पण दिसतच होतं, मागांना सुट्टी असायची त्या दिवशी सकाळच्या रकान्यात काहीच नाही, मला ते तेव्हा कळलं नाही इतकंच.

दुपारचं दुखणं आमच्या सोलापूरचंच म्हणायला पाहिजे. एप्रिलमध्ये इथं पारा चाळीसच्या वर जातो, आमची खोली पत्र्याखालची. एचडब्ल्यू मॉनिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, त्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. काही न करता ६८ डिग्री आणि डिझाईन उघडलं की ९७, ९८. एवढं तापलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून दुपारी माऊस पण अडखळत चालायचा, आणि तरी थंड नाही झालं तर स्वतःला वाचवायला मशीन बंद करून टाकतो.

प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि बाजूचं झाकण काढलं. आत पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांमध्ये, कापूस! धूळ नाही, कापूस. मागावरून उडणारे बारीक तंतू आठ वर्षं आत जाऊन बसलेले, त्याची अगदी नमद्यासारखी घट्ट गादी झालेली. मी चिमट्याने उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. मामा बघत होते, ते चाळीस वर्षं मागावर उभे राहिलेत, ते हळूच म्हणाले, "हेच माझ्या छातीत पण असणार." त्यावर कोणी काही बोललं नाही. आम्ही हातातलं काम थांबवून थोडा वेळ तसंच बसलो. मामांना दुसऱ्या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडं नेलं, ते वेगळं लिहायला पाहिजे, पण झाकण उघडलं नसतं तर ते पण राहिलं असतं.

साफ करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेने तो भन्नाट फिरतो आणि खराब होऊ शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालायचा नाही, त्याने स्टॅटिक तयार होतं. मग हीटसिंक काढला, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, गरमी पुढं पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि मधोमध मालदांडी ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी नवीन पेस्ट ठेवली. पसरायची गरज नाही, दाबल्यावर आपोआप पसरते. इथं माझं एकदा चुकलं. इंटेलच्या साध्या पंख्याला चार पिना असतात, त्या तिरक्या समोरासमोरच्या दाबायच्या आणि टक असा आवाज यायला पाहिजे. माझी एक पिन बसलीच नव्हती, चालू केल्यावर दोन मिनिटांत ९० दाखवायला लागलं, मी लगेच बंद केला, परत काढून, परत पेस्ट लावून बसवला. मग खोलीत ३७ असताना नुसता ४६ आणि कामात ७२. दुपारचं बंद होणं त्या दिवशी संपलं.

राहिली निळी स्क्रीन. वहीत कोड लिहिले होते: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. दादा म्हणाला, "दरवेळी एकच कोड आला असता तर मी ड्रायव्हर बघितला असता, दरवेळी वेगळा म्हणजे आधी रॅम तपास." ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून मग त्या काढल्या, सोनेरी टोकं खोडरबरने हलक्या हाताने घासली, कोरड्या कापडाने पुसली, परत बसवल्या. बऱ्याच जणांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो, माझा नाही सुटला, दोन दिवसांनी परत तेच. मग पेनड्राईव्हवर मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते विंडोजच्या बाहेर, पेनड्राईव्हवरूनच चालतं. महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकच पट्टी लावायची, दोन्ही एकदम लावल्या तर कुठली खराब ते कळत नाही. पहिली पट्टी रात्रभर ठेवली, तपासणीच्या चारही फेऱ्या पूर्ण, एकही एरर नाही. दुसरी त्याच स्लॉटमध्ये लावली तर दहा मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळींची रांग. मग चांगली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितली, तीही पास, म्हणजे स्लॉट आणि मदरबोर्ड ठीक. ज्या मदरबोर्डला नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं तो!

नवीन पट्टी येईपर्यंत आठवडाभर ४ जीबीवर काम केलं, हळू पण एकदाही न अडकता.

आता जे सगळ्यात पहिलं करावं असं लोक सांगतात ते मी सगळ्यात शेवटी केलं, आणि मला तेच बरोबर वाटतं. इतक्या वेळा धाडकन बंद पडून विंडोजच्या स्वतःच्या फाईली बिघडलेल्या असतात, त्या दुरुस्त करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, आधी डिझमची रिस्टोअर हेल्थवाली कमांड आणि मग एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ. पण रॅमच खराब असेल तर दुरुस्ती पण त्याच खराब रॅममधून होणार ना? आधी हार्डवेअर सरळ करा, मग हे. माझ्याकडं बिघडलेल्या फाईली सापडल्या, दुरुस्त केल्या असा मेसेज आला. लगे हात डिस्क तपासणारं चेकडिस्क पण चालवलं आणि क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये हार्ड डिस्कची तब्येत बघितली, गुड होतं. तिथं कॉशन दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी डेटा काढून घ्या.

अजून एक बारीक गोष्ट, उघडलाच होता म्हणून केली. तारीख मागं जायची आणि मग जीएसटीची साईट, बँकेची साईट, कुठलीच उघडायची नाही, सर्टिफिकेटचा एरर. ती मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, ३ व्होल्टची, घड्याळाच्या दुकानात पण मिळते. बदलली, झालं.

माझी सतरा डिझाईन परत आली नाहीत. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून बघितलं, पण फॉरमॅटनंतर त्याच ड्राईव्हवर विंडोज परत टाकलेलं होतं, जुन्या जागेवर नवीन लिहिलं गेलं की काही उरत नाही. नऊ मी छापील कागदावरून परत चौकोन मोजून मोजून काढली. आता रोज रात्री कॉम्प्युटर बंद करायच्या आधी चालू फोल्डर पेनड्राईव्हवर जातो आणि रविवारी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, ती मी कपाटात ठेवते, कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर आतून जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, दर पंधरा दिवसांनी काढून धुते, प्रत्येक वेळी पांढरा थर निघतोच.

परवा मागच्या कारखान्याचे आण्णा आले, "आक्का, आमचा कॉम्प्युटर पण दुपारला बंद पडलालाय, फॉरमॅट मारू काय?" त्यांना म्हटलं थांबा, आधी डेटा काढा, मी उद्या ब्लोअर आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन येते, आणि तोपर्यंत किती वाजता बंद पडतो ते तेवढं लिहून ठेवायला सांगा पोराला.