पट्टी हलेना, मग थांबेना

तीन दिवस पट्टी ढिम्म हलली नाही. संगणकातल्या सिम्युलेशनमध्ये चॅनेलमधून प्रवाह वाहत होता, पॅराव्ह्यू या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाचे रंग सुरेख दिसत होते, आणि सिलिंडरला मागून चिकटलेली लवचीक पट्टी मात्र पोलादाची असल्यासारखी सरळ.

प्रवाहामुळे वस्तू वाकते, वस्तू वाकली की प्रवाह बदलतो, आणि हे दोन्ही एकत्र सोडवायचं, म्हणजे एफएसआय (फ्लुइड-स्ट्रक्चर इंटरॲक्शन). परवान्याचं महागडं सॉफ्टवेअर हाताशी नव्हतं. म्हणून प्रवाहासाठी ओपनफोम, पट्टीसाठी कॅल्क्युलिक्स आणि दोघांमध्ये दुभाषा म्हणून प्रीसाइस, अशी मुक्त सॉफ्टवेअरची जुळणी केली. प्रीसाइस स्वतः प्रवाहही सोडवत नाही आणि ताणही. इकडचं बल तिकडे, तिकडचं विस्थापन इकडे पोचवायचं आणि दोन्हीकडचे मेश (गणितासाठी आखलेली जाळी) जुळत नसले तरी मधला हिशेब सांभाळायचा, एवढंच त्याचं काम.

इन्स्टॉलेशनवर फार लिहीत नाही. आवृत्त्या मात्र आधी जुळवून घ्या. प्रीसाइसच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली कॉन्फिग फाइल तिसरीला जशीच्या तशी चालत नाही, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

पडताळणीसाठी तुरेक आणि ह्रोन यांचा २००६ सालचा बेंचमार्क, म्हणजे उत्तरं आधीच ठाऊक असलेला नमुना-प्रश्न, घेतला. चॅनेल २.५ मीटर लांब, ०.४१ मीटर उंच. सिलिंडरची त्रिज्या ०.०५ मीटर, पट्टी ०.३५ मीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड. सिलिंडरचं केंद्र खालच्या भिंतीपासून ०.२ मीटरवर, म्हणजे मुद्दाम मध्यापासून किंचित खाली ठेवलंय. बरोबर मधोमध असतं, तर पट्टी कधी डोलायला लागेल हे ज्याच्या त्याच्या संगणकातल्या बारीकसारीक चुकांवर ठरलं असतं. मला ही युक्ती फार आवडते. यातल्या तीन केसेसपैकी मी तिसरी निवडली: प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदाला २ मीटर, आणि द्रव व पट्टी दोघांचीही घनता घनमीटरला १००० किलो. घनता सारखी, म्हणजे सोपं जाईल असं वाटलं होतं. झालं नेमकं उलटं.

तर, ढिम्म पट्टी. चौथ्या दिवशी चित्रं बंद केली आणि आकडे उघडले. प्रीसाइसमध्ये पट्टीच्या शेंड्यावर वॉच-पॉइंट लावता येतो. दर टाइम स्टेपला, म्हणजे गणितातल्या वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, तो बिंदू कुठे आहे ते फाइलमध्ये उतरत जातं. शेंडा हलत होता! पण केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बल हजारपटीने कमी पोचतंय हे तिथे लक्षात आलं, आणि हजार हा आकडा दिसला की माणूस घनतेकडेच वळतो. ओपनफोमचे असंपीड्य (दाबून घनता न बदलणाऱ्या) प्रवाहाचे सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारे प्रोग्रॅम, दाब घनतेने भागून ठेवतात. खरं बल काढायचं तर ओपनफोमला प्रीसाइसशी जोडणाऱ्या अडॅप्टरला घनता वेगळी सांगावी लागते. मी ती फाइल उभ्या पट्टीच्या ट्यूटोरियलमधून उचलली होती, आणि तिथे द्रवाची घनता १ आहे. चूक सर्वस्वी माझी.

१ चे १००० केले, रन सोडला. खुर्चीतून उठायच्या आत फुटला.

शेंड्याचं विस्थापन एकदा वर, एकदा खाली, दर स्टेपला आधीपेक्षा मोठं, आणि शेवटी मेशच्या पेशीच उलट्या झाल्या. सवयीप्रमाणे टाइम स्टेप निम्मा केला. आधीपेक्षाही लवकर फुटला! इथे मी खरंच चक्रावले. मग वाचायला बसले तेव्हा कळलं की हे ठाऊक असलेलं दुखणं आहे, ॲडेड मास. पट्टी हलायची तर तिला भोवतालचं पाणीही ढकलावं लागतं. पाणी पट्टीइतकंच जड असेल, तर दोन्ही सॉल्व्हरनी स्टेपमागे एकदाच निरोप देऊन पुढे जायचं, हे चालत नाही. एकाची चूक दुसरा फुगवून परत पाठवतो. असंपीड्य द्रवात टाइम स्टेप लहान करून हे सुटत नाही, उलट बिघडू शकतं. माझं कपलिंग, म्हणजे दोघांची जोडणी, अशाच एकदाच निरोप देणाऱ्या, एक्स्प्लिसिट प्रकारचं होतं. घनता चुकीची होती म्हणूनच ते तीन दिवस गुण्यागोविंदाने चाललं. हजारपट हलक्या द्रवाला पट्टी काय जुमानणार!

इम्प्लिसिट कपलिंग लावलं, म्हणजे दोघांचं एकमत होईपर्यंत तीच स्टेप पुन्हा पुन्हा. एकमत लवकर व्हावं म्हणून आधी एटकेन रिलॅक्सेशन ही पद्धत वापरून पाहिली. चालली, पण रडतखडत. आयक्यूएन-आयएलएस ही दुसरी पद्धत लावल्यावर माझ्या केसमध्ये स्टेपमागे पाच-सहा फेऱ्यांत काम व्हायला लागलं.

पट्टी डोलू लागली. त्या रात्री नुसती बघत बसले.

सकाळी आकडे ताडले तर नवीन घोळ. बेंचमार्कमध्ये शेंडा आडव्या दिशेत सरासरी २.६९ मिलिमीटर सिलिंडरकडे सरकलेला असतो. माझा जवळजवळ शून्यावर. वाकताना शेंडा मागे यायलाच हवा, वर गेला तरी आणि खाली गेला तरी. म्हणून तर आडव्या हालचालीची वारंवारता १०.९ हर्ट्झ आहे, उभ्या ५.३ च्या साधारण दुप्पट. माझी पट्टी वाकताना चक्क लांब होत होती! कॅल्क्युलिक्सच्या फाइलमध्ये स्टेपच्या ओळीत एनएलजीओम हा शब्दच नव्हता. त्याच्याशिवाय ते विस्थापन लहानच आहे असं धरून चालतं. एक स्वल्पविराम आणि एक शब्द घातला, रन पुन्हा सोडला, आणि शेंडा मागे येऊ लागला.

उभा झोका बेंचमार्कमध्ये ३४.३८ मिलिमीटरचा आहे, माझा ३२ च्या आसपास घुटमळतोय. पट्टीभोवतीचा मेश बारीक करून पुन्हा रन लावलाय. शेजारच्या खिडकीत फेऱ्यांची फाइल उघडी आहे: पाच, पाच, सहा, पाच.