तुम्ही विचारलंत म्हणून: युद्ध नव्हते, मग पदक कसले?

दरवर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनानिमित्त, तालुक्यातील एखादी शाळा मला पाहुणा म्हणून बोलावते. सूत्रसंचालक माझी ओळख ‘युद्धवीर’ अशी करून देतो, मी माइक हाती घेताच ती चूक दुरुस्त करतो, आणि मग चहाच्या वेळी कोणी ना कोणी तो प्रश्न विचारतोच: कराचीवरचा हल्ला १९७१ चा, तुम्ही भरती झालात १९८४ साली, मग शौर्याचे पदक तुम्हाला मिळाले कशाबद्दल? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे मला कळते. परंतु इतकी वर्षे तोच प्रश्न ऐकल्यावर त्याच्या पोटातला दुसरा प्रश्नही ऐकू येऊ लागतो, की तुम्ही नेमके मारलेत कोणाला. कोणालाही नाही.

पूर्वी मी याला नियमांनी उत्तर देत असे. शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी सरकारने ४ जानेवारी १९५२ रोजी वेगळी पदके सुरू केली. आधी ती अशोकचक्राचे तीन वर्ग म्हणून ओळखली जात, १९६७ मध्ये त्यांना अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी नावे मिळाली. माझे नौसेना पदक त्यांच्या खालचे, १९६० मध्ये सुरू झालेले. तेच पदक कर्तव्यनिष्ठेसाठीही देतात, म्हणून कागदावर कंसात ‘शौर्य’ असे लिहिलेले असते, आणि तो कंस मी गावच्या गणपतीत किती जणांना बोट ठेवून दाखवला असेल, याची मोजदाद न केलेली बरी. पैशाचेही सांगून टाकतो, कारण तो उपप्रश्न ठरलेलाच असतो: २०१७ मध्ये भत्ता दुप्पट झाला, तेव्हापासून महिना २,००० रुपये. हा आकडा ऐकून ज्यांचा चेहरा पडतो, त्यांच्याविषयी मला मनापासून जिव्हाळा वाटतो.

नियम पुरले नाहीत की मी उदाहरणे देत असे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘शंकुश’ पाणबुडीवरील लेफ्टनंट कमांडर फिरदौस मोगल यांनी पावसाळी लाटांत सापडलेल्या सहकाऱ्यांना वाचवताना जीव गमावला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर भरला, तेव्हा इतरांना बाहेर काढताना लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार आतच राहिले. तिघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. युद्ध तेव्हाही नव्हते. ही नावे घेतली की समोरचा गप्प होतो. पण खरे सांगायचे तर मी त्या तिघांच्या आड उभा राहत होतो, कारण त्यांच्याविषयी बोलत असेपर्यंत माझ्याविषयी कोणी पुढचे विचारीत नसे.

माझी हकिकत १९९० नंतरच्या दशकातील आहे. जहाजाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मी इंजिनरूमचा पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांतून वर चढलेला हुद्देदार होतो. दुपारच्या वॉचला, म्हणजे पाळीला, इंधनाच्या एका बारीक नळीच्या जोडातून डिझेलचा फवारा उडाला आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडला. आग लागायला तेवढे पुरते. खाली चौघे होते. दोघे शिडीने वर आले, दोघे आले नाहीत. अशा आगीत एक निर्णय फार लवकर घ्यावा लागतो: हॅच, म्हणजे खाली उतरण्याच्या तोंडाचे झाकण, आणि हवेच्या वाटा बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. त्याने आग विझते, पण आत माणूस असला तर तोही राहत नाही. कॅप्टनसाहेबांनी आम्हाला वेळ दिला. तो किती मिनिटांचा होता, हे चौकशीच्या कागदांत आहे. माझ्या आठवणीत मात्र पहिल्या फेरीची मिनिटे लांब आहेत आणि दुसऱ्या फेरीची आखूड.

श्वसनसंच लावून आत जाणाऱ्याने आपली टॅली, म्हणजे नावाचा बिल्ला, दाराशी द्यायची असते, आणि तेथला माणूस फळ्यावर नाव, वेळ आणि सिलिंडरमधला दाब लिहितो. त्या फळ्यावर दोन नावे होती: माझे, आणि माझ्यामागे पाण्याचा होज धरून उतरलेल्या माझ्या साताऱ्याकडच्या जोडीदाराचे. डोळ्यांचा उपयोग पहिल्याच पायरीला संपला. लोणावळ्याला ‘शिवाजी’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर शिकवतात त्याप्रमाणे मी उलट्या हाताने चाचपत गेलो, कारण तळव्याला वीज उतरलेली तार लागली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. पहिला माणूस शिडीच्या पायथ्याशीच सापडला. त्याला आम्ही ओढत वर आणले. पदकासोबतच्या मानपत्रात ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता’ असे शब्द आहेत. मला त्या वेळी जिवाचा नव्हे, फक्त त्याच्या वजनाचा विचार सुचत होता. तो जगला आणि दिवाळीला अजून फोन करतो.

दुसऱ्या फेरीत जनरेटरच्या मागे माझ्या हाताच्या पाठीला बूट लागला. मी तो धरला. आत पाय होता. ओढला तर हलला नाही, कुठेतरी अडकलेला होता. तेवढ्यात हवा संपत आल्याची शिट्टी वाजू लागली, कमरेच्या दोरीला मागून ओढ बसली आणि मी वळलो. आम्ही वर आल्यावर हॅच बंद झाले आणि गॅस सोडला गेला. धुराने तो त्याआधीच गेला होता, असे डॉक्टरांनी सांगितले. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, आणि दिवसा तो पुरतो.

आत राहिलेल्या त्या मुलाला न्यायला त्याचे वडील आले होते. त्यांनी मला हिंदीत एवढेच विचारले, की तुम्ही त्याला पाहिले होते का. मी नाही म्हणालो. ते खोटे नव्हते, त्या धुरात कोणी कोणाला पाहिले नव्हते. चौकशीत बुटाविषयी मी सगळे सांगितले होते, त्यांना सांगितले नाही. त्यात माझी दया किती आणि भीती किती, हे मला अजून वेगळे करता आलेले नाही.

मानपत्रात दुसऱ्या फेरीला अर्धे वाक्य आहे आणि जोडीदाराचे नाव कोठेच नाही. शिफारस वरिष्ठ करतात, त्यात आपण काय बोलणार, असे तेव्हाचा मी म्हणत होतो. एकदा तोंडी तरी सांगता आले असते, असे आजचा मी म्हणतो. त्यावर तेव्हाचा मी विचारतो, की बढतीची यादी लागायची होती, घरी दोन लहान मुले होती, तू तरी बोलला असतास का? याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र पदक परत करण्याचा सल्ला देणाऱ्यांना सांगतो, की पहिल्या फेरीत वर आलेला माणूस खोटा नाही.

जोडीदार आता निवृत्त होऊन गावी शेती पाहतो. त्याचे म्हणणे असे, की दोरी त्याने जोराने ओढली म्हणून मी वळलो. एरवी मी तो बूट सोडला नसता, असे तो म्हणतो. मी त्याला सांगतो, की ओढ बसण्याआधी, शिट्टीच्या आवाजानेच मी बूट सोडला होता. तो म्हणतो, तुला आठवत नाही. मी म्हणतो, दोरी तुझ्या हातात होती, पण बूट माझ्या. यंदाच्या कार्यक्रमाचे आमंत्रण आले तेव्हाही आमचे हेच बोलणे झाले, आणि त्याची मोटर सुरू करण्याची वेळ झाली म्हणून फोन त्याने ठेवला.