प्लेवरून उतरवलेला बिल्ड आणि मुकं गूगल बटण

ट्रेकच्या नोंदी ठेवणाऱ्या माझ्या अ‍ॅपमधलं गूगल लॉगिनचं बटण अखेर बोललं. प्ले स्टोअरच्या इंटर्नल टेस्टिंगवरून (निवडक टेस्टरांसाठीच्या वाटेवरून) उतरवलेल्या बिल्डमध्ये लॉगिन पूर्ण होतंय, सर्व्हरवर टोकनची (गूगलने दिलेल्या लॉगिनच्या पुराव्याची) तपासणी पार पडतेय आणि जुन्या फोनवरच्या ट्रेकच्या नोंदी नव्या फोनवर दिसताहेत. या लेखमालेच्या मागच्या भागात फ्लटरचं गूगल_साइन_इन हे लॉगिनचं पॅकेज सहाव्या आवृत्तीवरून सातव्यावर नेलं होतं. या वेळी फेसबुकचं बटण आणि खाती जोडण्याचा स्क्रीन यायचा होता. फेसबुक आलंय. जोडणीचा स्क्रीन बाकी आहे, कारण मधला सगळा वेळ या मुक्या बटणाने खाल्ला.

लक्षण असं. डीबग बिल्ड चोख. आपल्याच कीने (डिजिटल किल्लीने) सही केलेला रिलीज बिल्ड केबलने फोनवर टाकला, तोही चोख. तोच बिल्ड बंडल (प्लेला पाठवायचं गाठोडं) म्हणून प्ले कन्सोलवर चढवून टेस्टरच्या लिंकवरून उतरवला, की बटण दाबल्यावर खालून खात्यांची पट्टी वर येते, खातं निवडता येतं, पट्टी खाली जाते आणि बस्स. क्रॅश नाही, स्नॅकबार नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्टसुद्धा नाही.

हे मुकेपण येतं कुठून, तेच आधी शोधायला हवं. सातव्या आवृत्तीत अँड्रॉइडवर खाली क्रेडेन्शियल मॅनेजर (लॉगिन हाताळणारी अँड्रॉइडची सोय) काम करतो, आणि कॉन्फिगरेशन चुकलेलं असलं तरी काही वेळा त्याच्याकडून येणारी एरर ‘कॅन्सल्ड’ या कोडखाली येते. म्हणजे वापरणाऱ्याने पट्टी स्वतः बंद केली तर जो कोड, तोच इथेही. नीट लिहिलेलं कुठलंही अ‍ॅप माघार घेणाऱ्याला एरर दाखवत नाही, गप्प बसतं. त्यामुळे कोड जितका सभ्य, तितका हा दोष जास्त लपतो. पॅकेजच्या रीडमीत याचा इशारा आहे, पण तो अडकल्यावरच वाचला जातो.

लॉगकॅट (फोनचा लॉग दाखवणारं साधन) लावून प्लेवरून घेतलेला बिल्ड चालवला की खरी ओळ दिसते: ‘[१६] अकाउंट रीऑथ फेल्ड’. ही ओळ वाचून माणूस फोनमधलं गूगल खातं काढून परत घालतो, प्ले सर्व्हिसेसचा कॅशे पुसतो, पासवर्ड बदलतो. यातल्या कशाचाही इथे उपयोग नाही, खात्याचा यात काही दोषच नसतो. याच कारणासाठी कधी ‘[२८४४४] डेव्हलपर कन्सोल इज नॉट सेट अप करेक्टली’ असंही येतं, ते निदान प्रामाणिक. गूगलच्या जुन्या एसडीकेत (लायब्ररीत) याचीच ‘डेव्हलपर_एरर, कोड १०’ म्हणून ख्याती होती. ज्यांनी तो १० पाहिलाय त्यांच्या डोक्यात एकच शब्द येतो: शा-१ (SHA-1), म्हणजे सहीच्या सर्टिफिकेटवरून काढलेला छोटा ठसा.

अँड्रॉइडवर अ‍ॅप स्वतःचा अँड्रॉइड क्लायंट आयडी (गूगल क्लाउडमधल्या नोंदणीचा क्रमांक) कुठेही पाठवत नाही. फोनवरच्या प्ले सर्व्हिसेस बोलावणाऱ्या अ‍ॅपचं पॅकेज नाव आणि ज्या सर्टिफिकेटने त्यावर सही झालीय त्याचा शा-१ फिंगरप्रिंट बघतात, आणि ही जोडी आपल्या प्रोजेक्टमधल्या एखाद्या अँड्रॉइड क्लायंटशी जुळते का ते तपासलं जातं. जुळली नाही तर टोकन नाही. आता ऑगस्ट २०२१ पासून नव्या अ‍ॅपला बंडलच चढवावा लागतो, आणि बंडल म्हटला की प्ले अ‍ॅप साइनिंग आलंच. आपली अपलोड की फक्त ‘हा बंडल खरंच मालकाने पाठवला’ एवढं प्लेला पटवण्यापुरती. फोनसाठीचे एपीके (फोनवर बसणाऱ्या फाइली) प्ले बनवतं आणि त्यांवर सही करतं ती अ‍ॅप साइनिंग कीने. ती प्लेनेच तयार केली असेल तर तिचं सर्टिफिकेट आपल्या लॅपटॉपवर कधी आलेलंच नसतं. ग्रेडल या बिल्डच्या साधनाचा साइनिंगरिपोर्ट कितीही वेळा चालवा, तो फिंगरप्रिंट त्यात दिसणार नाही.

एकूण चार सह्या धरून चला. पहिली डीबग कीस्टोअरची. ही प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी, आलियास अँड्रॉइडडीबगकी, पासवर्ड अँड्रॉइड. दोघं मिळून अ‍ॅप करत असाल तर दोघांचे डीबग फिंगरप्रिंट घालावे लागतात. दुसरी अपलोड की. तिसरी प्लेची अ‍ॅप साइनिंग की. चौथी बहुतेकांच्या गावीही नसते: इंटर्नल अ‍ॅप शेअरिंगच्या लिंकवरून दिलेल्या बिल्डवर प्ले आणखी एका वेगळ्या कीने सही करतं. इंटर्नल टेस्टिंग आणि इंटर्नल अ‍ॅप शेअरिंग ही नावं इतकी सारखी, की ‘इंटर्नलवर चालतंय’ असं टेस्टरने कळवलं तर आधी कुठलं इंटर्नल ते विचारावं.

कन्सोलवर विश्वास ठेवण्यापेक्षा फोनवरच्या बिल्डलाच विचारलेलं बरं. एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणारं साधन. ‘एडीबी शेल पीएम पाथ’ आणि पुढे पॅकेज नाव दिलं की एपीकेंचे पत्ते मिळतात. बंडलमधून आलेले तुकडे अनेक असतात, त्यातला बेस एपीके ‘एडीबी पुल’ने लॅपटॉपवर ओढायचा. मग बिल्ड-टूल्समधल्या एपीकेसाइनरला ‘व्हेरिफाय’ आणि ‘प्रिंट-सर्ट्स’ सांगायचं. शा-२५६, शा-१ आणि एमडी५ हे तिन्ही छापून येतात, पण लहान इंग्रजी अक्षरांत आणि मधल्या कोलन (:) चिन्हांशिवाय. त्यामुळे कन्सोलमधल्या ओळीशी नुसत्या नजरेने जुळवायला जाऊ नका, दोन्ही एकाच साच्यात आणून शोध लावा. इथे जावाचं कीटूल वापरायचा मोह टाळा. त्याचा जारफाइलवाला पर्याय फक्त जुनी पहिल्या पद्धतीची सही वाचतो. मिनिमम एसडीके (चालायला लागणारी किमान अँड्रॉइड पातळी) २४ किंवा वर असेल तर बिल्ड टूल ती सही सहसा घालतच नाही, आणि कीटूल सरळ ‘नॉट अ साइन्ड जार फाइल’ म्हणून मोकळा होतो. सही केलेल्या एपीकेवर असं उत्तर मिळालं की माणूस भलतीकडेच शोधायला लागतो.

फिंगरप्रिंट प्ले कन्सोलच्या अ‍ॅप साइनिंगच्या पानावर असतात. मेनूतली जागा बदलत राहते, शोधपट्टीत नाव घातलं की सापडतं. त्या पानावर दोन चौकटी आहेत: अ‍ॅप साइनिंग की सर्टिफिकेट आणि अपलोड की सर्टिफिकेट. दोन्हीत शा-१ आहे, दोन्हीला कॉपीचं बटण आहे. हवी ती पहिली.

फायरबेस (गूगलची तयार सर्व्हर सेवा) वापरत असाल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये अँड्रॉइड अ‍ॅपखाली फिंगरप्रिंट वाढवला की मागे गूगल क्लाउडमध्ये त्याचा अँड्रॉइड क्लायंट आपोआप तयार होतो. फायरबेस नसेल तर एका अँड्रॉइड क्लायंटमध्ये एकच शा-१ बसतो, म्हणून एकाच पॅकेज नावाचे चार क्लायंट हाताने करायचे. पॅकेज नाव आणि शा-१ यांची एक जोडी जगभरात एकाच प्रोजेक्टमध्ये राहू शकते. सुरुवातीला चाचणीपुरता उघडलेला जुना प्रोजेक्ट तसाच पडून असेल तर ‘आधीच वापरात आहे’ असं उत्तर येतं. मग जुन्या प्रोजेक्टमधला क्लायंट आधी काढायचा, नंतर इथे घालायचा.

दुसरी नेहमीची गल्लत: कोडमध्ये ‘सर्व्हर क्लायंट आयडी’ म्हणून जो जातो तो वेब क्लायंटचा, अँड्रॉइडचा नव्हे. गूगल-सर्व्हिसेस जेसन फाइलमध्ये क्लायंट टाइप ३ तो वेबचा, टाइप १ अँड्रॉइडचा. अँड्रॉइडचे क्लायंट कन्सोलमध्ये नुसते असावे लागतात, कोडमध्ये त्यांचं नावही नको.

बदल लागू व्हायला ५ मिनिटांपासून काही तास लागू शकतात, असं कन्सोलच सांगतं. तेवढा दम धरा, दर मिनिटाला नवी सेटिंग बदलत बसलात तर कशाने सुटलं ते कळणार नाही. आणि या सगळ्या प्रकरणातली सुखाची गोष्ट: नवा बिल्ड लागत नाही. जुळणी गूगलच्या बाजूला होते, वेब क्लायंट आयडी तोच राहतो, त्यामुळे फोनवर आधीपासून असलेलाच बिल्ड, ज्याने इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं, तो काहीही न करता लॉगिन करतो. व्हर्जन कोड वाढवणं नाही, पुन्हा चढवणं नाही.

अ‍ॅपमध्ये मात्र एक बदल केलाय. ‘कॅन्सल्ड’ आल्यावर आता डिस्क्रिप्शनही वाचलं जातं. त्यात चौकटी कंसातला आकडा असेल तर ‘लॉगिन झालं नाही, थोड्या वेळाने पाहा’ असा संदेश दिसतो आणि पूर्ण ओळ क्रॅश रिपोर्टरकडे नॉन-फेटल (क्रॅश न करणारी चूक) म्हणून जाते. मजकुरावर विसंबणं ठिसूळ आहे हे मान्य, पण गप्प राहण्यापेक्षा बरं.

हे लिहिताना सुचलेली गोष्ट जोडणीच्या स्क्रीनच्या आधी घेणार: आवृत्तीच्या आकड्यावर सात वेळा टॅप केलं की उघडणारं एक छुपं पान. त्यावर पॅकेज नाव, चालू बिल्डच्या सर्टिफिकेटचा शा-१ आणि अ‍ॅप कुठून बसवलंय ते. अँड्रॉइड ९ पासून पॅकेज मॅनेजरकडे गेट_साइनिंग_सर्टिफिकेट्स मागितलं की सर्टिफिकेटचे बाइट मिळतात, त्यांचा डायजेस्ट (म्हणजे शा-१) काढणं कोटलिनमध्ये चार ओळींचं काम. टेस्टरने स्क्रीनशॉट पाठवला की एडीबीची कटकटच संपली.

दुसरी युक्ती सर्व्हरच्या बाजूची. गूगलच्या आयडी टोकनमध्ये ‘ऑड’ म्हणजे आपला वेब क्लायंट, आणि अँड्रॉइडवरून आलं असेल तर ‘एझेडपी’ म्हणजे अँड्रॉइड क्लायंट. प्रत्येक फिंगरप्रिंटचा क्लायंट वेगळा असल्याने ‘एझेडपी’ लॉगमध्ये लिहून ठेवला की कुठल्या सहीच्या बिल्डवरून लोक येताहेत ते आयतं कळतं. क्लायंटना डीबग, अपलोड, प्ले, शेअरिंग अशी नावं दिली तर लॉग वाचताना डोकं खाजवावं लागत नाही.

फेसबुककडे वळू. इथेही तेच सर्टिफिकेट, तोच शा-१, फक्त वेगळ्या वेषात: २० बाइटचा बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत), म्हणजे २८ अक्षरं, शेवटी बरोबरचं चिन्ह. याला ते की हॅश म्हणतात. प्लेवरचा शा-१ घ्या, कोलन काढा, एक्सएक्सडी या कमांडने हेक्सचे बाइट करा, मग बेस६४. हेक्स मजकुराचाच थेट बेस६४ केला तर ५६ अक्षरं येतात. लांबी मोजली की चूक लगेच कळते. छुप्या पानावर शा-१ दाखवायचाच आहे, तर त्याच बाइटचा हा हॅशही शेजारी छापणार.

फेसबुकचं एका बाबतीत कौतुक करायला हवं: हॅश जुळला नाही तर एररमध्येच तो हॅश छापून देतात. तिथून उचलायचा, डॅशबोर्डवर टाकायचा. फक्त चाचणी दोन्ही प्रकारच्या फोनवर करा. फेसबुक अ‍ॅप असलेल्या फोनवर लॉगिन त्या अ‍ॅपमधून जातं आणि हॅशची तपासणी आडवी येते. अ‍ॅप नसलेल्या फोनवर ब्राउझरमधून जातं आणि चुकीच्या हॅशवरही चालून जातं. एसडीकेच्या १३व्या आवृत्तीपासून अ‍ॅप आयडीसोबत क्लायंट टोकनही लागतं, तेही मॅनिफेस्टमध्ये घाला. आणि फेसबुककडून ईमेल मिळेलच असं धरू नका. नुसत्या मोबाइल नंबरवर उघडलेल्या खात्यात तो नसतोच. ईमेलचा रकाना रिकामा चालेल असाच ठेवा.

म्हणूनच सर्व्हरवर वापरणाऱ्यांचं एक टेबल आणि ओळखींचं (कोण कुठल्या सेवेतून लॉगिन करतं त्याचं) दुसरं, असं ठेवलंय. ओळखीच्या टेबलात प्रोव्हायडर आणि त्याचा आयडी ही जोडी युनिक. गूगलचा आयडी म्हणजे टोकनमधला ‘सब’, वापरणाऱ्याचा न बदलणारा क्रमांक. ईमेल कधीही नाही, तो बदलू शकतो. गूगलच्या टोकनची सही त्यांच्या जाहीर कीजवर तपासायची, ‘ऑड’, ‘इस’ (टोकन कोणी दिलं) आणि ‘एक्स्प’ (मुदत) बघायचे. फेसबुकचं अ‍ॅक्सेस टोकन त्यांच्याच डीबग_टोकन या तपासणीच्या पत्त्याकडे पाठवून त्यातला अ‍ॅप आयडी आपलाच आहे ना, ते पाहायचं. हे वगळलं तर दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपने मिळवलेलं टोकनही आपला सर्व्हर गोड मानून घेईल. तपासणी झाली की पुढे आपलं स्वतःचं सेशन. गूगलचं आयडी टोकन तासाभरात संपतं आणि गडावर रेंज नसते, त्यामुळे अ‍ॅप उघडताना लॉगिनसाठी नेटवर्क लागता कामा नये.

‘एकच वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आतला ब्राउझर) उघडून सगळी लॉगिनं त्यात उरकू’ हा सल्ला अजून फिरतो. नको. गूगल २०१७ पासून तिथे ४०३ आणि ‘डिसअलाउड_यूजरएजंट’ देतं, फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये अँड्रॉइडवर तेच केलं. ब्राउझर लागलाच तर कस्टम टॅब्ज (फोनच्या खऱ्या ब्राउझरची टॅब) आणि पीकेसीई (मधे चोरलेला लॉगिन कोड निरुपयोगी करणारी पद्धत).

आता जोडणीचा स्क्रीन. मूळ बेत असा होता की दोन्हीकडून एकच ईमेल आला तर विचारून खाती एक करायची. पण आयओएसवर गूगल-फेसबुक ठेवायचं तर अ‍ॅप स्टोअरच्या ४.८ नियमामुळे ईमेल लपवता येईल असा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे व्यवहारात अ‍ॅपलचंच बटण. ईमेल लपवणाऱ्याचा येतो तो प्रायव्हेट रिले पत्ता (अ‍ॅपलने बनवलेला, मेल पुढे धाडणारा), जो कशाशीच जुळणार नाही. शिवाय अ‍ॅपल नाव आणि ईमेल अ‍ॅपकडे पहिल्या वेळीच देतं, तेव्हा साठवलं नाही तर गेलं. आयफोनवर नोंदी केलेल्याने उद्या अँड्रॉइड घेतला तर? अँड्रॉइडवर अ‍ॅपलचं बटण बसवता येतं, पण नाव किंवा ईमेल मागितला की उत्तर फॉर्म पोस्टने येतं, म्हणजे मधे एचटीटीपीएस पत्ता हवा, आणि सहा महिन्यांच्या आत क्लायंट सीक्रेट नवा करायचा. एका छंदाच्या अ‍ॅपला एवढं लोढणं नको. त्यामुळे ईमेल जुळवणं रद्द. लॉगिन झालेल्या माणसाने ‘माझं खातं’मध्ये जाऊन दुसरी ओळख स्वतः जोडायची, ईमेल बघायचाच नाही. आयफोनवाल्याने फोन बदलण्याआधी गूगल जोडलं की काम झालं.

त्याच पानावर खातं काढून टाकण्याचं बटणही येईल, दोन्ही स्टोअरना ते लागतंच. प्लेला वेबवरूनही तशी सोय हवी, फेसबुकला डेटा काढण्याच्या सूचनांचा पत्ता हवा. एकाच साध्या वेब पानाने दोन्ही भागतं. ते पान तयार आहे. अ‍ॅपलचं टोकन रद्द करण्याची कॉल मात्र अजून लिहायचीय, आणि तिच्यासाठीची पी८ फाइल (अ‍ॅपलने दिलेली खासगी की) एकदाच डाउनलोड होते, तेव्हा आधी ती कुठे ठेवायची ते ठरवून मगच बटण दाबणार.