पुणे-गोवा-पुणे आंबोलीमार्गे: एक इलेक्ट्रिक, एक पेट्रोल, आणि निपाणीजवळचा तो चार्जर

काल मध्यरात्री पोचलोय, कंबर अजून धरलेली आहे, पण राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांना उपयोग होईल. आमची इलेक्ट्रिक, बॅटरी ४० युनिटच्या आसपास, आणि मेव्हण्याची पेट्रोल, जवळपास तेवढीच मोठी. दोन्हीत चार-चार माणसं, डिकी गच्च, एसी चालू, रस्ता एकच. यापेक्षा चांगली तुलना घरबसल्या कुणी करून देणार नाही.

आधी रेंजचं. शोरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं की एका चार्जमध्ये गोवा, कागदावर पण साडेचारशे किलोमीटरच्या वर छापलंय. साफ खोटं. हायवेला ९०-१०० ने चालवली की २७०-२८० मिळतात, बस. ८० ने चालवलीत तर तीनशेच्या पुढे जाते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, पण सातारा रोडला ८० ने कोण चालवतं?

दुसरी फसवणूक टोलची. "ईव्हीला टोल माफ" हे मेसेज सगळीकडे फिरतायत. राज्याची माफी आहे ती एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे नॅशनल हायवेचे टोल, तिथे फास्टॅगमधून पैसे कटतात म्हणजे कटतात, दोन्ही गाड्यांना सारखेच.

जाताना काही विशेष नाही. कराडला नाश्ता होईपर्यंत चार्जिंग झालं, १८ रुपये युनिट अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१ रुपये २४ पैसे. सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनला जिथे जिथे रांगत गेलो तिथे आमची गाडी जवळपास काहीच खात नव्हती आणि मेव्हण्याचं ॲव्हरेज मात्र पडत होतं. आंबोली उतरताना रिजनमुळे (गाडी मंदावताना मोटरच बॅटरी परत भरते) टक्का हललाच नाही, ब्रेकला पाय फार कमी लागला, मेव्हणा सेकंड गियरमध्ये ब्रेक दाबत दाबत आला आणि खाली चाकांचा वास येत होता. घाटात इलेक्ट्रिकच, इथे वादच नाही. एका बाजूचं पेट्रोल ३,३०० च्या आसपास गेलं, आमचं घरचं आणि बाहेरचं धरून साधारण ११५०. गोवा मस्त झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता परतीचं नीट वाचा. होमस्टेवाल्याने "चार्जिंग आहे" सांगितलं होतं. चार्जिंग म्हणजे गॅरेजमधला एक १५ अँपिअरचा सॉकेट, त्याला धड अर्थिंग नाही. अर्थिंग नसलं की पोर्टेबल चार्जर लाल लाइट लावून बसतो, काहीही करा. शेवटी दुसऱ्या खोलीतून वायर ओढली, व्होल्टेज रात्रभर वरखाली, सकाळी ६२ टक्के. त्याचे ५०० रुपये घेतले, आणि गोव्यात घरगुती वीज आपल्यापेक्षा बरीच स्वस्त आहे हे लक्षात घ्या.

६२ टक्क्यांवर म्हापशाहून निघून निपाणी गाठायची, साधारण १६० किलोमीटर, मध्ये आंबोली चढायची. आंबोली ६९० मीटरवर आहे, माणसं-सामान धरून पावणेदोन टन वजन तेवढं वर न्यायचं म्हणजे नुसत्या चढालाच सव्वातीन युनिट जातात, मोटरचा लॉस वेगळा. आजऱ्यापासून एसी बंद, काचा खाली, मुलं वैतागलेली. निपाणीच्या पुढे हायवेवरच्या एका हॉटेलच्या चार्जरवर ७ टक्क्यांनी टेकलो. ॲपवर दोन गन (गाडीला लावायचे प्लग) "उपलब्ध" दाखवत होत्या. एक गन मेलेली, दुसरीवर गाडी, तिच्या मागे अजून एक. नंबर लागेपर्यंत दीड तास गेला, मग कळलं की त्यांचं वेगळं ॲप, त्यात आधी ५०० चं वॉलेट भरायचं, उरलेले पैसे तिथेच अडकणार. बोर्डवर ६० किलोवॅट लिहिलंय आणि गाडीत येत होते २५. दर २४ अधिक जीएसटी, २८ रुपये ३२ पैसे. वर तिथल्या माणसाने २०० रुपये पार्किंगचे मागितले, आम्ही तिथेच जेवलो होतो तरी! पावती मागितली तर नाही म्हणाला. ३० युनिट घेतले, म्हणजे पार्किंगसकट युनिटला ३५, किलोमीटरला सव्वापाच-साडेपाच रुपये पडले. पेट्रोलला सव्वासात-साडेसात पडतात. एवढ्या फरकासाठी अडीच-तीन तास हायवेवर बसायचं नाही. मेव्हणा तेव्हा खंबाटकी ओलांडून गेला होता, आणि गोव्यातून निघताना टाकी फुल केलेली, तिकडे लिटरमागे सात-आठ रुपये कमी आहेत.

माझं मत सरळ आहे. पुणे-कोल्हापूर, सातारा, महाबळेश्वर, डोळे झाकून इलेक्ट्रिक. गोवा आडदिवशी असेल तर इलेक्ट्रिक चालेल. लाँग वीकेंडला, लहान मुलं घेऊन, गोव्याला पेट्रोलच न्या, पैसे जास्त जाऊ देत.

तरी इलेक्ट्रिकच नेणार असाल तर परतीला सावंतवाडी ८५ टक्क्यांच्या खाली सोडू नका. हायवेच्या चार्जरवर मात्र ८० नंतर थांबू नका, पुढचे टक्के फार हळू भरतात आणि मागचे लोक खोळंबतात. चार्जर नुसता ॲपवर बघू नका, फोन करून "आत्ता गाडी लागली आहे का आणि किती किलोवॅट येतंय" असं विचारा, फोन कुणी उचललाच नाही तर तो चार्जर नाहीच असं धरा. २.५ स्क्वेअर एमएमची जाड वायर आणि अर्थिंग बघायचा छोटा टेस्टर बरोबर ठेवा. आणि होमस्टेवाल्याकडून ॲडव्हान्स भरायच्या आधी सॉकेटचा फोटो मागवा, युनिटचा रेट मेसेजवर लिहून घ्या.