टक्के कशाचे?

शनिवार, कँटन, मिशिगन

ट्रक मालकाचा, तो लावलेला माल वाहणाऱ्या कंपनीकडे, आणि चालवणारे आम्ही नवराबायको. जुन्या मालकाचा ट्रक परवा त्याच्या यार्डात नेऊन लावला. चादरी, कुकर, मसाल्याचा डबा घरी आला आणि आज सकाळपासून आम्ही दोघं फोनला चिकटून आहोत. नवा मालक शोधायचाय. की कुणाच्या ट्रकच्या भानगडीत न पडता थेट कंपनीत पगारावर जायचं, तेही अजून ठरत नाहीये. नवरा म्हणतो, आधी ट्रक बघू. मी म्हणते, आधी कागद बघू.

आमचं काम एक्स्पिडाइटचं, म्हणजे तातडीचा माल पोचवण्याचं. ते मंडळातल्या लोकांना समजावताना मी नवऱ्याचंच उदाहरण देते. हा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला होता. त्या धंद्यात कुणी साठा करून ठेवत नाही. हवा तेव्हा, हवा तेवढाच माल. त्यामुळे एखादं खोकं अडकलं तरी पुढच्याची असेंब्ली लाइन थांबते आणि मिनिटांचा हिशेब लागतो. मग रात्री दोनला फोनाफोनी आणि चार पॅलेटसाठी अख्खा ट्रक. तेव्हा हा फोन करणाऱ्या टोकाला असायचा. नोकरी गेली, लेक कॉलेजला गेली आणि आम्ही फोन उचलणाऱ्या टोकाला आलो. "म्हणजे तूपण चालवतेस?" असं अजून कुणीतरी विचारतंच. चालवते की. मोठ्या ट्रकचं क्लास बी लायसन्स आहे, हॅझमॅटसकट, म्हणजे धोकादायक माल न्यायच्या परवानगीसकट.

हा धंदा तसा आमच्या अंगणातलाच. ॲक्रनची रॉबर्ट्स एक्स्प्रेस पुढे फेडेक्सकडे गेली आणि फेडेक्स कस्टम क्रिटिकल झाली, पँथर मेडायनाची. दोन्ही याच धंद्यातल्या कंपन्या, दोन्ही ओहायोतल्या. कारखाने इथे, म्हणून घाईही इथलीच.

रविवार

इंडियानापोलिसच्या एका पाजींचा फोन आला. "भाभीजी, साठ टक्के आपके, चालीस मेरे. फ्यूल आपका, सरचार्ज पूरा आपका." सरचार्ज म्हणजे डिझेलपोटी भाड्यावर मिळणारी जादा रक्कम. बोलायला एकदम मोकळा माणूस. दुपारी टोलीडोच्या एका गोऱ्या जोडप्याशी बोलणं झालं. दोघांनी स्वतः टीम म्हणून ट्रक चालवलेत, आता तीन ट्रक आहेत आणि हिशेब मालकीणबाई बघतात. त्यांचा भाव उलटा: चाळीस आमचे, साठ त्यांचे, पण डिझेल त्यांचं, आणि चाळीस टक्के सरचार्ज धरून सगळ्या रकमेवर.

नवरा लगेच साठकडे कलला. मी वही काढली.

टोलीडो ते टेक्सासमधलं लरेडो, साधारण १,६०० मैल. मैलाला १ डॉलर ६० सेंट भाडं आणि ४० सेंट सरचार्ज धरला. म्हणजे भाडं २,५६० आणि सरचार्ज ६४०. पाजींकडे साठ टक्क्यांचे १,५३६, त्यात सरचार्ज मिळवून २,१७६. आता डिझेल. माल उचलायला रिकामं जावं लागतं ते धरून १,७२० मैल, गॅलनला नऊ मैल, गॅलन ३ डॉलर ७० सेंटला. सातशेच्या वर गेले, हातात १,४७०. टोलीडोवाल्यांचे ३,२०० वर चाळीस टक्के, १,२८०.

"बघ," हा म्हणाला.

थांब म्हटलं. लरेडोला माल उतरवला की तिथून वर येणारा माल आपली वाट बघत उभा नसतो. तिथल्या ट्रकस्टॉपवर आपल्यासारखे कितीतरी पडून असतात. डॅलसपर्यंत सव्वाचारशे मैल रिकामं यावं लागलं, तर पावणेदोनशेचं डिझेल आणखी आमच्या खिशातून. राहिले १,२९० च्या आसपास. साठ आणि चाळीस यांच्यात उरला दहापंधरा डॉलरचा फरक. डिझेल चढलं तर तेवढाही नाही.

त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, रिकामं यावं लागलंच नाही तर? तेही खरंच. पण तो जुगार मालकाने खेळायचा की ड्रायव्हरने, एवढाच प्रश्न आहे. माझ्या मते ट्रक ज्याचा, जुगार त्याचा.

सोमवार

दोघेही पैसे १०९९ वरच देणार, नोकर म्हणून नाही, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून. म्हणजे सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा १५.३ टक्के कर पूर्ण आमच्या माथी, आणि काम करताना इजा झाली तर वर्कर्स कॉम्पची भरपाई नाही. विमा आपला आपण काढायचा. थेट कंपनीत गेलो तर ही कटकट नाही, पण लोड, म्हणजे माल न्यायचं काम, नाकारायची मुभाही नाही. मला तो नको म्हणण्याचा हक्क हवाय. जानेवारीत बर्फाचं वादळ समोर दिसत असताना केवळ काम वाटणाऱ्या डिस्पॅचचा आवाज चढला म्हणून निघायचं, हे या वयात जमणार नाही.

मंगळवार

आज इंडियानापोलिसला जाऊन ट्रक पाहून आलो. चोवीस फुटी बॉक्स, जवळपास नवाकोरा. नवऱ्याने खिशातून गेज काढून टायर मोजले. पुढच्यांना किमान ४/३२ इंच खाच लागते, बाकीच्यांना २/३२. इथे कुठेच काठावरचा मामला नव्हता. मागचा झोपायचा बंक तर असा, की मी मनातल्या मनात कुकर कुठे ठेवायचा ते ठरवूनही टाकलं. पाजींनी घरी नेऊन राजमा-चावल खाऊ घातलं.

जेवताना मी कंपनीच्या हिशेबाच्या कागदाबद्दल विचारलं, "पाजी, सेटलमेंट शीट हमें दिखेगी?"

"अरे भाभीजी, हर शुक्रवार अमाउंट व्हॉट्सॲप कर दूंगा."

अमाउंट नको होती मला. जुना मालकही दर शुक्रवारी अमाउंटच पाठवायचा. कंपनीने त्याला किती दिले, त्यातून काय काय कापलं, हे आम्ही कधी पाहिलं नाही. साठ टक्के कशाचे, हे एकट्या त्यालाच ठाऊक. जुन्या मालकाशी आम्ही वाद घातला नाही, निघालो.

परतीच्या वाटेवर, आय-६९ वर, नवऱ्याला सगळं पुन्हा सांगितलं. फेडरल नियमांत भाग ३७६ आहे, ट्रक भाड्याने लावण्याच्या करारांचा. करार लेखी हवा. कागद पोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. मोबदला टक्केवारीवर असेल तर कंपनीने भाड्याच्या बिलाची प्रत दाखवायची. सगळं छान आहे, पण हे संरक्षण ट्रक लावणाऱ्या मालकाला. त्या मालकाच्या ट्रकवर बसणारे आम्ही त्या करारात कुठेच नाही. मालकाला दिसणारा कागद आम्हाला दिसेल की नाही, ते पूर्णपणे त्याच्या मर्जीवर. म्हणून मर्जी कशी आहे ते आधी बघायचं. पाजी लबाड आहेत असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना हा प्रश्नच नवा होता.

बुधवार

टोलीडो. ट्रक जुना, पाच लाख मैलांच्या पुढे गेलेला. आत सिगारेटचा वास नाही, हे नशीब. बंकची गादी मधोमध खचलेली. मी आडवी होऊन पाहिलं तर थेट खड्ड्यात. ही काही चैनीची तक्रार नव्हे. एकाने अकरा तास चालवायचं, तेव्हा दुसऱ्याने मागे झोपायचं. धावत्या ट्रकमध्ये झोप लागली नाही तर पुढचे अकरा तास कुणाच्या जिवावर? पण जनरेटरपाशी एक कळकट वही लटकवलेली होती. कुठल्या तासाला तेल बदललं, कोणता फिल्टर टाकला, सगळं तारखांसह पेनाने लिहिलेलं. नवरा ती वही एखादी कादंबरी वाचावी तशी वाचत बसला.

मालकीणबाईंनी विचारायच्या आधीच फाइल पुढे केली. आधीच्या टीमची नावं पट्टी चिकटवून झाकलेली, पण आकडे उघडे: मैल, भाडं, सरचार्ज, डिटेन्शन (खोळंबल्याचे पैसे), टोल, त्यातून झालेली कपात. "दर आठवड्याला याचीच प्रत मिळेल," त्या म्हणाल्या. ट्रक वाटेत बंद पडला तर? मोटेलच्या दोन रात्री त्यांच्या. त्यानंतर? त्यानंतर काही नाही, जादा ट्रक नाही. हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं.

रात्री त्यांचे ट्रक जिथे लावलेत त्या कंपनीचा यूएसडीओटी नंबर, म्हणजे सरकारी नोंदणी नंबर, सेफर या सरकारी वेबसाइटवर टाकला. तपासण्या, अपघात, जागीच थांबवलेल्या गाड्यांचं प्रमाण आणि शेजारी देशाची सरासरी. सरासरीपेक्षा बरे आहेत. लोड नाकारण्याबद्दल कंपनीच्या रिक्रुटरने गोलगोल उत्तर दिलं. ते लेखी मागितलंय.

गुरुवार

ते उत्तर आलं: नाकारायला मुभा आहे, पण सलग नाकारलं तर रांगेत मागे टाकतील. चालेल.

टोलीडोला होकार कळवला. पाजींना मीच फोन केला. "कोई नहीं भाभीजी, दरवाज़ा खुला है," म्हणाले. थोडं वाईट वाटलं, बंकचं तर जास्तच. नवऱ्याला अजून साठ टक्के सुटत नाहीयेत; वहीत डॅलसऐवजी सॅन अँटोनियोलाच माल मिळाला तर काय, याचं गणित मांडून बसलाय. मांडू दे.

सोमवारी ओरिएंटेशन आणि ड्रग टेस्ट. मेडिकल कार्डाची मुदत आहे अजून. नवीन गादी मात्र मी मागितलीच. मालकीणबाई म्हणाल्या, तुझ्या पसंतीची घे, पावती पाठव, पहिल्या सेटलमेंटला जोडते.